बाबेलचा पत्ता

१२ जानेवारी, रविवार

आज प्रार्थनेत मजा आली. मजा म्हणू नये, पण आली! पास्टर रजत पुसदहून येतात अन् शुद्ध मराठीत बोलतात. तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या ते डोक्यावरून जाते, म्हणून मी बाजूले उभी राहून एकेक वाक्य आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगते. आजचा विषय बायबलातलं बाबेल. एवढं मोठं राज्य, एवढा माज, अन् देवानं एका झटक्यात आडवं केलं.

म्हाताऱ्या पेंगून राह्यल्या होत्या. कोण बाबेल, कुठचं बाबेल! रामीबाईनं तं तोंड उघडून जांभई दिली. मले असा राग आला! मंग मी पदरचं घातलं — समुद्रापलीकडे तेलाचं शहर आहे ना, उंच बिल्डिंगांचं, जिथं आपली पोरं कामाले जातात, तेच बाबेल. यंदाच आग पडणार तिथं.

साऱ्या ताठ झाल्या. पास्टर खूश! त्यांना वाटलं, त्यांच्याच शब्दाचा जोर. शेवटी ते म्हणाले, दुसऱ्याच्या राज्याआधी आपल्या मनातला माज पाहा. त्या गडबडीत ते वाक्य सांगाचं राहूनच गेलं.

घरी येताना अमरसिंगनं टोकलं. "पास्टर असं कुठं बोलले?" नवरा असून मागे बसून सारं ऐकते! मी म्हटलं, समजावून सांगाव लागते.

१५ जानेवारी

तांड्यातल्या सुखीबाईनं पोरगा परत येईस्तोवर उपास धरला म्हणे. पाण्याशिवाय काही नाही. तिचा भावसिंग त्या तेलाच्या शहरातच आहे, पाइप जोडाच्या कामावर. एकुलता एक. हे माह्या ध्यानातच नव्हतं!

१६ जानेवारी

गेलती तिच्या घरी. सांगून टाकणारच होती. पण तिनं माहे पायच धरले. "राखी, देवानं तुह्या तोंडून मले सांगतलं." आजूबाजूले बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर कसं म्हणू, की माय, ते मी घुसडलं होतं?

अमरसिंग म्हणते, परत जाय, आता एकटी असन. उद्या जाते म्हटलं.

१७ जानेवारी

नाही गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

भावसिंग फोनवर मायवर लय चिडला म्हणे. पण तिनं अन्नच सोडलं, तं तो तरी काय करन! येतो म्हणाला. ठेकेदारानं अट घातली — बदली माणूस दे, मंग जाय.

सुखीबाईनं भाकर खाल्ली अन् आज मंडळीपुढे साक्ष दिली. राखीच्या तोंडून देव बोलला म्हणे. टाळ्या पडल्या. लाज वाटाची सोडून मले गोड वाटलं! काय बाई आहे मी.

२० फेब्रुवारी

दिग्रसची हुस्नाबी बांगड्या घेऊन आली. माह्या लग्नातला चुडासुद्धा तिनंच भरलेला. आज टोपलीत पेढ्याचा पुडा होता. तिचा पोरगा जमीर परदेशी जाऊन राह्यला — भावसिंगच्याच जागेवर! दोघं आयटीआयले एका बाकावर होते. भावसिंगनंच त्याचं नाव सुचवलं. "अल्ला का करम," म्हणत म्हातारी हसे अन् डोळे पुसे.

ती माह्या हातात हिरव्या बांगड्या चढवून राह्यली होती. काय सांगू? तिकडे आग पडणार म्हणू? ते तं मीच बनवलेलं! बनवलेल्या गोष्टीपायी पोराची नोकरी कायले घालवू?

पेढा खाल्ला. "लय चांगलं झालं, मौसी," म्हटलं.

९ मार्च

भावसिंग आला. हरभरा काढाले दुसऱ्याच्या वावरात जाते. एवढा हुनर हातात अन् हे काम! रस्त्यात भेटला तं मान फिरवून गेला. बराबरच आहे त्याचं.

आज तरी सुखीबाईले खरं सांगाव, असं मनात आलं. पण ती एवढी खुशीत, पोराले तेल लावून आंघोळ घालून राह्यली होती. वाटलं, पोरगा घरी आला, आता सांगून कोणाचं भलं?

११ एप्रिल

सुखीबाईच्या टीव्हीवर तेच शहर, सारा तांडा जमलेला. तिथल्या शेजारच्या देशाची लढाई, अन् त्यातलं एक मिसाइल तिथं पडलं. नुसता धूर. भावसिंग पडद्याजवळ गेला अन् म्हणाला, "ही आमच्या कामगारांची बिल्डिंग." तिथंच खाली बसला. जमीरले फोनावर फोन लावत राह्यला. फोन बंद.



१२ एप्रिल

सकाळपासून अंगणात बाया. सुखीबाईनं माह्या गळ्यात झेंडूचा हार घातला. संदेष्टी म्हणते मले, देवाचा निरोप आणणारी! अय, थांबा ना! मी ओरडून सांगतलं, ते पास्टर बोललेच नव्हते, मी माह्या मनचं बोलली होती. तं रामीबाई म्हणाली, "मनात घालणारा कोण मंग?"

पास्टरचा फोन आला, उद्या रविवारी साक्ष द्या. त्यांनाही सांगतलं. ते हसले. नम्रता म्हणे! जवा सांगाचं होतं तवा मी तोंड उघडलं नाही, आता उघडलं तं कोणी ऐकत नाही. बायबलातल्या योनाले तरी शहराचा नाश सांगाले देवानं पाठवलं होतं. मले कोणी पाठवलं?

जमीरचा फोन बंदच. हार काढून खुंटीले टांगला.  

१३ एप्रिल

प्रार्थनेले गेली नाही. दार वाजलं. हुस्नाबी. हातात टोपली नव्हती. दिग्रसहून पायी आली असन, पाय धुळीनं भरलेले. खाली बसली, माहा हात धरला, तिनंच भरलेल्या बांगड्यांवरून बोट फिरवत राह्यली. मंग म्हणाली, "बेटी, तुले पहिलेच सारं माहीत होतं म्हणतात. सुखीच्या पोराले सांगतलं. माह्या पोराले काहून नाही सांगतलं?"