कोऱ्या चहाची जीभ

बाबा, मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं त्यात एक चूक राहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. वायनरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना द्राक्षांचे घोस लोंबत होते असं मी लिहिलं होतं. तसं काही नव्हतं. मे महिना होता. द्राक्षं मार्चपर्यंतच उतरवून झालेली, एप्रिलमध्ये छाटणी झालेली, आणि वेलींचे करडे खुंट तारांना धरून उभे होते. त्यांना बोटभर नवी पालवी फुटली होती, एवढंच. घोस मी कुठून आणले, तर बहुधा कॅलेंडरवरून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लागलं ते सांग, लागायला हवं होतं ते नको." म्हणून पुन्हा सांगते.

मी दूध तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. लॅबमधल्या मैत्रिणींनी सुट्टीच्या दिवशी वायनरी पाहायला जायचं ठरवलं आणि मी नको नको म्हणत गाडीत बसले. कोथरूडहून उजाडताच निघालो, तरी खेडचा घाट चढेपर्यंत गाडीचा टप तापला होता. बाहेर झळा, डोळे उघडवत नाहीत असा उजेड, आणि वायनरीचं जाड दार उघडलं तर आत माघातला गारवा. मी उंबऱ्यातच थांबले. छतापर्यंत गेलेल्या स्टीलच्या टाक्या, त्यांच्या अंगावर दव साचलेलं. पलीकडच्या खोलीत लाकडी पिंपं, एकावर एक. हंगाम संपलेला, त्यामुळे कुठे खळखळ नाही, काही नाही, नुसतं थांबणं चालू होतं. वाइन करणाऱ्या बाई आम्हाला दाखवत होत्या, पन्नाशीच्या, सुती कुडता, पायात बूट. पिंपांच्या खोलीत शिरताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला, गाभाऱ्याशी येतो तसा. बाहेर त्या वेली उन्हात पुढच्या वर्षाची पालवी काढताहेत आणि त्यांचं सरलेलं वर्ष इथे अंधारात पडून आहे, हे मनात आलं.

मग लांब टेबलाशी उभं करून त्यांनी थोडी थोडी वाइन ओतली. पहिली पांढरी. मी ग्लास तोंडाला लावला आणि विचार करायच्या आत सुर्रकन ओढली, हवेसकट. सगळ्या वळून बघायला लागल्या. मी ती तोंडभर फिरवली आणि टेबलावरच्या भांड्यात थुंकले.

"अगं, चूळ भरायला आलीयेस का?" एक मैत्रीण म्हणाली. "प्यायची असते ती!"

तिला काय सांगू? मला रविवारची सकाळ दिसत होती. ओट्यावर पांढऱ्या कपांची रांग आहे आणि त्यांच्या शेजारी, कडप्प्यावर, मी बसलेली आहे. तुम्ही कामाला होतात त्या चहा डेपोत कुठली पत्ती कुठल्या पत्तीत किती घालायची हे तुम्ही ठरवत होतात, पण ठरवलेलं मिश्रण घरी आणून नळाच्या पाण्यात करून बघितल्याशिवाय मालकांना कळवत नव्हतात. चहा डेपोत चांगला लागून उपयोग काय, लोकांच्या स्वयंपाकघरात लागला पाहिजे, हे तुमचं म्हणणं. उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी तळाला जातं आणि नळाला किंचित मातकट वास येतो, म्हणून मे महिन्याचं मिश्रण तुम्ही वेगळं करायचात. गिऱ्हाइकांना ते कधीच कळलं नाही. तुमचा चहा बाराही महिने सारखाच लागतो, एवढंच ते म्हणायचे, आणि तुम्ही त्यावरच खूश असायचात. मला अक्षरं यायच्या आधी तुम्ही चवी शिकवल्यात. दूध नाही, साखर नाही. चमचाभर कोरा चहा ओढायचा, फिरवायचा, मोरीत थुंकायचा. "गिळलं की मत गेलं, मग नुसती आवड उरते." आई पोळ्या लाटताना कुरकुरायची, "पोरीला काय वळण लावताय! उद्या सासरी बसून असे भुरके मारील." तुम्ही म्हणालात, "मारू दे. चहा वाईट झालाय हे त्यांना तेवढंच कळेल."

आणि एकदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी चाखलं न चाखलं तोच "छान" म्हटलं. तुम्ही चमचा खाली ठेवलात. "छान ही चव नाही. तुरट आहे का? कुठे तुरट? हिरड्यांवर की घशाशी?" मी रडायला लागले. तुम्ही समजूत काढली नाहीत, पुढचा कप सरकवलात.

दुसरी लाल आली. आधी जांभळासारखी वाटली, आणि मग हिरड्या आवळल्या, गालांची आतली बाजू ओढली गेली, आणि तो तुरटपणा जिभेच्या मागच्या कडेला जाऊन बसला. बाबा, ती जागा मला ओळखीची होती. तुमच्या कोऱ्या चहाचीच जागा होती ती. कुठल्या डोंगरातली पत्ती, कुठल्या मळ्यातलं फळ, आणि दोघं येऊन बसतात एकाच ठिकाणी. मी डोळे मिटले तर मांडीखाली कडप्पा गार लागला. तुमचा आवाज मला हल्ली नीट आठवत नाही. पण तुम्ही बोट ठेवून दाखवलेली ती जागा अजून तिथेच आहे, माझ्याच तोंडात, आणि मी ती इतकी वर्षं नुसती घेऊन हिंडत होते.

त्याच लाल वाइनची आणखी एक बाटली उघडली. सगळ्या "छान, छान" करत होत्या. मला मात्र ओल्या गोणपाटाचा वास आला. माझं आता असं झालंय, मी गॅस बंद केलाय का हे जिन्यावरून परत येऊन बघणारी. यांच्या घरी येऊन यांनाच नाव ठेवायचं, आणि चूक निघाली तर? तरी बोलले, "याला ओल्या गोणपाटाचा वास आहे." मैत्रिणीने चिमटा काढला.

बाईंनी माझाच ग्लास घेतला. नुसता हुंगला. "बूच खराब," म्हणाल्या आणि ती बाटली सरळ भांड्यात उपडी केली. "आधीच्या बाटलीत हा वास नव्हता ना?"

"नव्हता."

"कुठे शिकलात?"

"घरी."

"घरी वाइन करतात?"

"नाही, चहा. वडील चहा चाखायचे."

त्या पहिल्यांदा हसल्या. मैत्रिणी फोटो काढायला बाहेर गेल्या तेव्हा मला टाक्यांपाशी नेऊन म्हणाल्या, "कुठली वाइन कुठलीत मिसळायची हे पावसाळ्यात ठरतं. माझ्या एकटीच्या जिभेचा भरवसा मी आता धरत नाही. तुम्ही लॅबमधल्याच आहात, तर या. इथली लॅब सांभाळा, बाकीचं शिकवते."

"पण मी पीत नाही."

"मग उत्तमच. पिणारे पुष्कळ येतात. मेअखेर कळवा."

अडलंय ते इथे. मला जायचंय. इतकं कशाहीसाठी कधी जावंसं वाटलं नव्हतं. पण तुम्ही पान खाल्लं नाहीत, तंबाखूला शिवला नाहीत, मालकांच्या मुलाच्या लग्नात कोणी पेला पुढे केला तर त्यावर तळहात ठेवलात. ते तत्त्व होतं की जिभेची काळजी, हे मी कधी विचारलं नाही. आई तत्त्वच समजते आणि चारचौघांत अभिमानाने सांगते. परत आल्यावर तिने विचारलं, "काय पाहिलंत गं?" मी म्हटलं, "द्राक्षांचा मळा." खोटं नव्हतं, पुरतं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माझ्याही नकळत तो आवाज निघाला. आईची बशी तोंडाशीच थांबली. मला वाटलं, आता वळण निघणार.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"छान."

"छान ही चव नाही," आई म्हणाली आणि बशीत फुंकर घालत राहिली.

म्हणजे पोळ्या लाटता लाटता तीही शिकत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि मी कप विसळायला उठले.

हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं घरातच राहील. एक मात्र कबूल करते. त्या दुपारी निघताना बाईंनी एका पिंपातून काढून थोडीशी दिली, अजून बाटलीत न भरलेली. ती मी थुंकले नाही. गिळली. भांडं हाताशी होतं, पण मला ती सोडवेना. त्यामुळे तिच्याबद्दल मला मत नाही, नुसती आवड आहे.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं. बादल्या भरून आई दिवसभर घरीच असते. चहापुरतं पाणी मी बाजूला काढून ठेवीन, दोन कप कोरा करीन, आधी तिला चव विचारीन आणि मग सगळं सांगीन. या गुरुवारी, सकाळीच.