तेल वाढलं

६ ऑक्टोबर, सोमवार
मिळालं! घरामागच्या चिप्सच्या कारखान्यात रोज काय किती तळायचं, हे आठवडाभर मी ठरवणार. सासूबाई म्हणाल्या, "करून पाहा. नाही जमलं तं पाकिटांना स्टिकरं लावजो." लग्नाला वर्ष झालं. गणितात एम.एस्सी. करून स्टिकरंच लावतेय!

७ ऑक्टोबर
आखणी झाली. साधे चिप्स क्ष किलो, मिरीचे य किलो. केळी साठ किलो चिप्सपुरतीच — ही पहिली असमिका, क्ष + य ≤ ६०. मिरीच्या घाण्याला कढईवर दुप्पट वेळ — क्ष + २य ≤ ८०. तिसरी रेघ तेलाची मारणार, तोच मागून सासूबाई: "चारू, तेल वाढलं वं." छान! वाढलं तर अडचण कसली? तेलाची असमिका खोडून टाकली. दोन रेघा जिथे भेटल्या तिथे उत्तर — साधे चाळीस, मिरीचे वीस. योगेंद्र आलेख पाहून त्याच्या नेहमीच्या बाजारी हिंदीत म्हणाला, "इसमें केला किधर है?" नवरा आहे, सोडून दिलं.

८ ऑक्टोबर
सत्यानाश. सगळी केळी सोलून झाली आणि दुसऱ्याच घाण्याला तेल खलास. इतवारा बाजारातल्या तेलवाल्याच्या मुलीचा साखरपुडा, दुकान तीन दिवस बंद.
"कालच तं सांगितलं, तेल वाढलं!"
"वाढलं म्हणजे जास्त झालं ना, आई?"
त्यांनी तेलाचा रिकामा डबा माझ्यापुढे पालथा धरला. या घरात 'संपलं' म्हणणं अपशकुन. नारळ वाढतो, बांगडी वाढते, हे मलाही ठाऊक — पण तेल? माझ्या माहेरी, नेपानगरच्या मिल कॉलनीत, तेल संपलं की सरळ संपायचं. एका शब्दापायी माझी असमिका उलटी. सोललेली केळी काळी पडत होती आणि मी मोरीत जाऊन रडले.

९ ऑक्टोबर
केळ्याची भाजी.

१० ऑक्टोबर
केळ्याची भाजी. शेजारच्या कुसुमकाकूंना डबाभर दिली होती. डबा परत आला, भरलेलाच.

११ ऑक्टोबर
तेल आलं. ताजी केळी पुन्हा साठ किलोची, पण तेल पन्नास किलोपुरतंच. आधी विचारून घेतलं — "आई, उद्या 'वाढलं' म्हणाल तर संपलं समजू की उरलं?"
"संपलं, माय, संपलं!" म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली.
तेलाची रेघ मारली. साधे वीस, मिरीचे तीस. जास्तीच्या केळ्यांना हात लावला नाही. चार वाजता कढई उतरली, काही वाया नाही. सासूबाई चहा बसून प्यायल्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं.
संध्याकाळी मात्र त्या योगेंद्रला म्हणत होत्या, "आता कारखाना वाढवायचा." म्हणजे संपवायचा! बंद करतायत, माझ्यामुळे. योगेंद्रला विचारलं. "हां, मम्मी बोल रही थीं, बढ़ाना है." हिंदीतही तीच बोंब! दुकान बढ़ाना म्हणजे शटर खालीच ना?
जेवण गेलं नाही. भाजी केळ्याची नव्हती तरी.

१२ ऑक्टोबर, रविवार
ऑटोतून दुसरी कढई उतरली. पहिलीच्या दुप्पट! सासूबाईंनी नारळ माझ्या हातात दिला. "तू वाढव, चारू. स्टिकरं मी लावते."