माझे मणी सदोष ठरवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
रसायन संशोधन केंद्र

विषय: मण्यांची पद्धत रद्द करून शुद्धीकरण कक्ष पूर्ववत चालू ठेवण्याबाबत विनंती.

संदर्भ: शुद्धीकरण कक्षातील ज्येष्ठ तंत्रज्ञांची तक्रार व त्यावर आपण माझ्याकडे मागितलेला खुलासा.

महोदय,

१. पूर्वी अभिक्रिया संपली की हवा तो पदार्थ आणि नको तो कचरा एकाच द्रावणात गुंतून राहत असे. तो सोडवण्यासाठी काचेचा उंच नळा, त्यात भरलेली पांढरी पूड आणि थेंब थेंब पाहत दिवसभर बसणारा माणूस लागे. माझ्या पद्धतीत अभिकारक, म्हणजे अभिक्रिया घडवणारा पदार्थ, पॉलिमरच्या बारीक मण्यांना आधीच बांधलेला असतो. काम झाले की मणी गाळून काढायचे. कचरा मण्यांना चिकटून जातो आणि खाली शुद्ध पदार्थ उरतो. चहा गाळता येणाऱ्या कोणालाही हे जमते.

२. नळ्यापाशी बसणारा तो माणूस, म्हणजे सदर तक्रारदार, माझे पती आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. मण्यांमुळे कक्षाची गरज उरली नाही, तरी तो कायमचा बंद करण्यापूर्वी खात्री म्हणून माझे नमुने नळ्यातून तपासण्याचे काम आपण त्यांनाच दिले. रोज तपासत, रोज काही सापडत नसे. घरी येऊन जेवत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. भांडले असते तर बरे झाले असते.

३. म्हणून मी एका शुद्ध नमुन्यात चमचाभर कचरा परत कालवला.

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून कांदा चिरायला घेतला. मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझ्या मण्यांत थोडी कसर आहे, एवढंच. आम्ही आहोत की निस्तरायला." मी बरं म्हटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कालवला. पुढे ते रोजचेच झाले.

४. बायकोचे दोष झाकले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी तक्रार केली. देण्यापूर्वी मला विचारले. त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे आपल्यासमोरील स्वच्छ प्रत मीच लिहिली आहे.

५. सबब खुलासा असा की, मण्यांत कसलाही दोष नाही. तरी ते सदोष ठरवावेत, माझे काम बंद करावे आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत कक्ष चालू ठेवावा, ही विनंती. जुन्या पद्धतीत द्रावणात कचरा आपोआप असतोच. तो मुद्दाम कालवण्याची गरज उरणार नाही आणि केंद्राचा तेवढा व्याप वाचेल.

६. इतक्या वर्षांचे काम बुडवताना काय वाटते, असे आपण विचाराल. काही वाटत नाही. वाटायला हवे, हे कळते.

७. नमुन्यांत भेसळ केल्याबद्दल जी शिक्षा व्हायची ती मला व्हावी. मात्र आदेशात कारण 'मणी सदोष' असेच लिहावे. आदेशाची प्रत तक्रारदारास जाते.

विश्वासू लिहिण्याचा अधिकार उरलेला नाही, म्हणून केवळ
आपली नम्र,
(सही)
मणी विभाग प्रमुख
दिनांक: आपला आवक शिक्का पडेल तो

सोबत: न कालवलेला नमुना, एक बाटली.

ता. क.: या अर्जाची पोच घरच्या पत्त्यावर पाठवू नये. घरचे टपाल तेच उघडतात, आणि सध्या ते हसून उघडतात.