गाडीचा विमा, मला न विचारता

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
दात घासताना मोबाइलवर मेसेज. अभिनंदन, आपल्या गाडीची विमा पॉलिसी आपोआप रिन्यू झाली आहे, आपल्याला काहीही करण्याची गरज नाही. माझी गाडी, माझं बँकखातं, आणि मलाच काही करण्याची गरज नाही! गाडी जुनी आहे, गिअर अजून हातानेच टाकावे लागतात. पॉलिसी मात्र ऑटोमॅटिक.
हे काम ढापण्याचं. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. चौथीपासून नाकावर सोडावॉटरच्या बाटलीची बुडं, म्हणून ढापण्या. पुढे विमा एजंट झाला. गेली बावीस वर्षं सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता फॉर्म घेऊन घरी येतो. मी म्हणतो, यंदा तुझ्याकडून घेणार नाही. तो हात जोडतो. मी दुसऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं काढतो. तो घाम पुसतो, दोनदा चहा पितो, शाळेतल्या त्याच त्या गोष्टी सांगतो. जेवायच्या वेळी मी उपकार केल्यासारखा फॉर्म भरतो. अशी रीतसर पद्धत आहे.
परवा रविवारी आला नाही. यंदा तर मी तीन माहितीपत्रकं टीपॉयवर लावून ठेवली होती.
ठराव: आपण फोन करायचा नाही. गरज त्याला आहे.

४ सप्टेंबर, बुधवार
फोन नाही. चोराच्या मनात चांदणं.
ऑफिसात एकतीस अर्ज परत पाठवले. अर्ज छाननी विभागात सव्वीस वर्षं काढली, पण लोक सुधारत नाहीत. एका आजोबांनी ‘पूर्वीचे नाव’ हा चौकोन रिकामा ठेवला होता. म्हणाले, साहेब, मला पूर्वी दुसरं नावच नव्हतं. मी म्हटलं, मग तसं लिहा, चौकोन रिकामा ठेवायचा नाही. म्हणाले, चौथी खेप आहे हो. म्हटलं, पाचवी करा.
रिकामा चौकोन म्हणजे निष्काळजी माणूस. माझ्या हातून आयुष्यात एकही चौकोन रिकामा सुटलेला नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
कस्टमर केअरला फोन. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली. म्हणाली, सर, ऑटो रिन्यूअलला आपणच गेल्या वर्षी संमती दिली आहे. मी म्हटलं, शक्यच नाही, मी फॉर्म तपासणारा माणूस आहे. म्हणाली, मी आपली आणखी काय मदत करू शकते? मी म्हटलं, आणखी म्हणजे? आधी कुठे केलीत? तिने आभार मानले आणि पाचपैकी किती तारे देणार म्हणून विचारलं. एकही दिला नाही. नंतर वाटलं, एक द्यायला हवा होता. आवाज गोड होता.
ही म्हणाली, अहो, विमा तुम्ही उतरवणारच होतात ना? मग झालं की आपसूक. हिला तत्त्व समजावून सांगितलं. प्रश्न विम्याचा नाही, विचारण्याचा आहे. ही म्हणाली, मग भावजींना फोन करून विचारा की का आला नाहीत. आणि वर म्हणते, गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं होतं, दृष्टी जात चालली आहे, पुढच्या वर्षी काम सोडून लेकीकडे राहायला जाणार.
मला आठवत नाही. इतकी मोठी गोष्ट सांगितली असती तर आठवलं नसतं का? मी त्या वेळी काय करत होतो ते चांगलं आठवतं. फॉर्म भरत होतो.

८ सप्टेंबर, रविवार
अकरा वाजता दाराकडे तोंड करून पेपर वाचत बसलो. वाट बघत नव्हतो. उजेड त्या बाजूने बरा येतो.
अकरा वीसला बेल. कुरिअर. तेही शेजारच्यांचं.
एक वाजता हिने विचारलं, जेवायला वाढू की अजून उजेड हवाय?
घरातली माणसंसुद्धा आपली राहिली नाहीत.

९ सप्टेंबर, सोमवार
तक्रार दाखल. सात पानं, चार परिशिष्टं. ‘पूर्वनियोजित विश्वासघात’ हा शब्दप्रयोग मलाच इतका आवडला की तीनदा वापरला. हिने वाचून ‘फसवणूक’ शब्द काढायला लावला. काढला, आणि त्या जागी ‘केसाने गळा कापणे’ घातलं.
कंपनीच्या तक्रार अर्जात एक रकाना होता, तक्रार कोणाविरुद्ध? एक चौकोन कंपनीचा, एक एजंटचा. दोन्हींवर खूण केली. हिने विचारलं, भावजींवर कशाला? म्हटलं, चौकोन होता.
हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने असावं.

१७ सप्टेंबर, मंगळवार
कंपनी हलली! पत्र आलं. एजंटची चौकशी होणार, २४ तारखेला सुनावणी, तोपर्यंत त्याचे निवृत्तीचे कागद रोखून ठेवले आहेत. म्हणजे काम सोडतोय हे खरं दिसतं. मला न सांगता. विश्वासघात नंबर दोन.
हिने पत्र वाचलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.
संध्याकाळी ढापण्याचा फोन. अखेर! पंधरा दिवस ज्याची वाट (पाहत नव्हतो) तो फोन. घेतला नाही. चौकशी चालू असताना संबंधित व्यक्तीशी बोलणं नियमात बसत नाही. तीनदा वाजला. पहिल्या वेळी फार बरं वाटलं. दुसऱ्या वेळीही ठीक. तिसऱ्या वेळी फोन उशीखाली ठेवला. आवाज फार मोठा आहे त्याचा.

२३ सप्टेंबर, सोमवार
उद्याची तयारी पूर्ण. बारा मुद्दे काढले. आरशासमोर म्हणून पाहिले. सातव्या मुद्द्याला आवाज चढवायचा, नवव्याला खाली आणायचा. शेवटी क्षणभर थांबून म्हणायचं, बावीस वर्षं, साहेब, बावीस वर्षं!
ढापण्या खाली मान घालेल, माफी मागेल. मी लगेच माफ करणार नाही. चहा होईपर्यंत तरी नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी
जिंकलो.
जसं घडलं तसं लिहितो. कंपनीचं ऑफिस, दुसरा मजला. एसी गळत होता, खाली बादली. ढापण्या भिंत चाचपत जिना चढत आला. आधी वाटलं नाटक करतोय. मग बादलीला अडखळला.
साहेबांनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं, शाळेत बसायचो तसंच. बसल्या बसल्या मला विचारतो, गाडी आणलीस का, सावलीत लावलीस ना? मी साहेबांकडे तोंड वळवलं. प्रतिवादीशी काय बोलायचं?
साहेबांनी माझा गेल्या वर्षीचा फॉर्म काढला. अक्षर माझंच. सगळ्या चौकोनांवर खुणा. पॉलिसी आपोआप रिन्यू व्हावी: खूण. आठवण करून देणारा फोन नको: खूण. वाहन भाड्याने देतो: खूण. वाहन शर्यतीत वापरतो: खूण. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, शर्यतीत? मी म्हटलं, चौकोन रिकामा ठेवत नसतो मी.
भाड्याच्या आणि शर्यतीच्या खुणांवर लाल काट होती, बाजूला ढापण्याची सही. साहेबांनी विचारलं, हे काय? ढापण्या म्हणाला, दर वर्षी करतो साहेब. हा सगळीकडे खुणा करतो. मी तिथेच याच्यासमोर कोणत्या काढायच्या ते सांगतो, हा मान हलवतो, मी काटतो. नाहीतर याला कोणी विमा देणार नाही.
साहेब म्हणाले, मग आपोआप रिन्यूची खूण का ठेवलीत? ढापण्या म्हणाला, ती मुद्दाम ठेवली. पुढच्या वर्षी मी नसणार. याने बावीस वर्षांत एकदाही तारीख लक्षात ठेवलेली नाही. विमा संपेल आणि हा तसाच गाडी घेऊन बाहेर पडेल. ठोकली म्हणजे?
खोटं आहे. मला सगळ्या तारखा लक्षात असतात.
मग माझ्याकडे वळून म्हणतो, पहिल्या रविवारी आलो नाही रे. आता स्कूटर चालवता येत नाही. वाटलं, तू येशील. गाडी तुझ्याकडे आहे.
सबब लंगडी होती.
मी पहिला मुद्दा काढणार, तेवढ्यात ढापण्या साहेबांना म्हणाला, चूक माझीच. सांगितलं होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष देईपर्यंत सांगायला हवं होतं. लिहा तसं. साहेबांनी लिहिलं. लेखी ताकीद. बावीस वर्षांतली पहिली. ढापण्याने कागद नाकाला लावून सहीची जागा शोधली. साहेबांनी त्याचं बोट धरून जागेवर टेकवलं.
माझी मागणी मान्य, पॉलिसी रद्द. माझे बारा मुद्दे खिशातच राहिले. माणसाला धड भांडूही देत नाही, हाही एक विश्वासघातच.
बाहेर आल्यावर म्हणाला, घरापर्यंत सोडतोस? मी म्हटलं, पॉलिसी रद्द झाली आहे, आता गाडीत कोणाला बसवणं कायद्याने बरोबर नाही. म्हणाला, बरोबर आहे, बरोबर आहे. बसने गेला.
मी गाडी सावकाश चालवत घरी आणली.

२९ सप्टेंबर, रविवार
ही भावजींकडे गेली. त्यांचं सामान बांधून झालं म्हणे, सगळ्यांना जेवायला बोलावलं आहे. हिने बारा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली, चला. मी म्हटलं, बोलावणं मला स्वतंत्र यायला हवं. म्हणाली, अहो, मुद्दाम तुम्हालाच घेऊन ये म्हणाले आहेत. म्हटलं, तुझ्याकरवी नाही, स्वतंत्र. शिवाय गाडीला विमा नाही. म्हणाली, दोन बसथांबे आहेत, चालत जाता येतं.
गेलो नाही. तत्त्वाला अंतर मोजत नसतात.
दिवसभर माहितीपत्रकं वाचली. तिन्हींतलं एकही धड कळलं नाही. इतकी वर्षं नुसतीच दाखवत होतो.
ही संध्याकाळी परतली, डोळे सुजलेले. मी सहज विचारलं, माझी चौकशी केली का? म्हणाली, केली. विचारत होते, गाडीचा विमा उतरवला का त्याने.
कधी निघणार, ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे नमतं घेणं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
नव्या कंपनीकडून फॉर्म परत. वर पिवळी चिठ्ठी: सर्व चौकोनांवर खुणा आहेत, कृपया पुन्हा भरा. दुसऱ्या कंपनीकडूनही परत. तिसरीने फोन करून विचारलं, सर, शर्यती कुठे होतात?
कोणत्या खुणा काटायच्या असतात, ते पाहत बसलो तासभर. ढापण्या बोलता बोलता करायचा. दोन मिनिटं लागायची त्याला. मी समोरच बसलेला असायचो आणि मला पत्ता नसायचा. फार वाईट वाटलं. म्हणजे, कंपन्यांच्या कारभाराचं.

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.३०
मोठा निर्णय. ढापण्याला माफ करायचं ठरवलं आहे. बिनशर्त. जुना माणूस आहे, चुकला असेल. शिवाय तिन्ही फॉर्म सोबत नेतो, बसल्या बसल्या काटून देईल. दिसत नसलं तरी मी वाचून दाखवीन, तो सांगेल. चालतच जाईन. हिला सांगत नाही. परत आल्यावर सांगीन, तेव्हा हिचं तोंड बघण्यासारखं होईल.
काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी काहीच बोलायचं नाही. त्याने विचारलं, का आलास, तर म्हणायचं, चहा प्यायला.

तोच दिवस. दुपारी १२.१५
दाराला कुलूप.
शेजारच्या बाई जिन्यात कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, ते बुधवारीच गेले, किल्ली माझ्याकडे ठेवून. मी म्हटलं, असं कसं, मला काही कळवलं नाही. म्हणाल्या, मित्रमंडळी सगळी गेल्या रविवारी येऊन भेटून गेली की. दिवसभर नुसता हसण्याचा आवाज. भाऊंनी एक खुर्ची काही केल्या कोणाला घेऊ दिली नाही, कोणीतरी यायचंय म्हणत होते. मग बाईंनी झारी खाली ठेवली आणि विचारलं, आपण कोण?
मी सांगितलं, ग्राहक.