पिवळी पट्टी, लाल चिठ्ठी

सांगवी, ३ जून २०२४

चि. गणराजास आजीचे आशीर्वाद, वि. वि. फोनवर मला ऐकू येत न्हाई आणि ते कानातलं मशीन मी लावणार न्हाई, म्हणून हे पत्र. अक्षर चौथीतलं हाय, तसंच वाच.

तू त्या संस्थेतून धाडलेली पोरगी परत ने. तनुजा. बीडकडची, चाकणला कंपनीत कामाला. भाडं न देता माझ्या घरात राहायचं, बदल्यात रोज दोन तास माझ्याकडं बघायचं, असा तुमचा ठराव. ती माझ्याकडं कुठली बघते! घराकडं बघते. कंपनीत करतात तसं म्हणे. पिवळी चिकटपट्टी आणून पोळपाट, खलबत्ता, गोळ्यांची डबी, सगळ्याभोवती चौकोन मारले. ज्याची त्याची जागा. खाटेपासून मोरीपर्यंत जमिनीवर दोन पिवळे पट्टे, मधे काही ठेवायचं न्हाई. मी माझ्याच घरात बससारखी रस्त्यानं चालते.

वर लाल चिठ्ठ्या. जी वस्तू वापरात न्हाई तिला तारीख घालून चिठ्ठी बांधायची. तीस दिवसांत वापर दिसला न्हाई की वस्तू घराबाहेर. पाट्याला बांधली, तांब्याच्या बंबाला बांधली, तुझ्या आजोबांच्या स्टुलालाही बांधली. मी विचारलं, माझ्या गळ्यात कधी बांधतेस? तर म्हणाली, आजी, तुमची तपासणी अजून चालू हाय. जीभ बघ पोरीची!

तुझी, अजून घराबाहेर न काढलेली,
आजी


नागपूर, १२ जून

ती. आजीस सा. न. वि. वि. तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, आम्ही हसून बेजार झालो. बाबा मात्र हसले नाहीत. जानेवारीत तू मोरीत पडलीस तेव्हापासून त्यांची एकच अट आहे, हे विसरू नकोस. घरात कुणी सोबत असेल तरच सांगवी, नाहीतर आमच्याकडे.

आणि आजी, मोनिका आठ दिवसांत पळाली, स्वरूपा तीन. ही तिसरी. संस्थेच्या नेहाताईंनी स्पष्ट सांगितलंय की चौथी मिळणार नाही. म्हणजे ही गेली की सातव्या मजल्यावरची मागची खोली तुझी. बाबांनी तिथे पंखासुद्धा बसवलाय. तेव्हा जरा सबुरीनं घे. राहिल्या चिठ्ठ्या. आजोबांचं स्टूल वाचवायचं तर त्यावर बस की! वापर दिसला म्हणजे झालं.

तुझा लाडका (असं मीच म्हणतो),
गणराज


सांगवी, ८ जुलै

चि. गणराजास आशीर्वाद, वि. वि. मोठा शहाणा तू. तुझं ऐकलं आणि कंबर मोडून घेतली. रोज सकाळी आजोबांच्या स्टुलावर बसून पाट्यावर चटणी वाटते. एकटीला किती लागणार? उरलेली चटणी ती पोरगी डब्यातून कंपनीत नेते. आता तिच्या लाइनवरच्या सहा पोरी चटणी मागतात. पाट्याची चिठ्ठी उतरली, पण माझे हात उतरले त्याचं काय? बंबाचे तीस दिवस भरले, पण पोरीनं थंडीपर्यंत मुदत दिली. या उकाड्यात कोण आंघोळीला कढत पाणी घेतं?

आता सांगते ते बापाला सांगू नको. ती दोन दिवस गावाला गेली होती. जायच्या सकाळी मी गोळ्यांची डबी मुद्दाम उचलून पिठाच्या डब्यात टाकली. म्हटलं, आल्यावर रिकामा चौकोन बघून तिचं तोंड कसं होतं बघू. टाकली ती टाकली आणि मीच विसरले, दोन दिवस गोळी पोटात न्हाई. ती आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला तो रिकामा चौकोन दिसला. मी तेव्हा भिंत धरून उभी होते, घर फिरत होतं. रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. कंपनीची बस गेली, तिची शिफ्ट बुडाली.

आणि घरी आल्यावर मला ओरडली रे! माझ्या घरात, मला! एवढं तर माझी सासू ओरडली न्हाई. मी गप ऐकून घेतलं. लिहायला लाज वाटते, पण घेतलं.

डबी आता चौकोनात हाय.

तुझी आजी


नागपूर, १५ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. मी तोंड उघडलं नाही, शपथ. पण नेहाताईंच्या महिन्याच्या फॉर्ममध्ये तुझी चक्कर लिहिलेली होती आणि तो बाबांना पोचला. येत्या रविवारी ते तुला न्यायला येताहेत. मोठी चाकाची बॅग घेतलीय. मी दोन दिवस भांडलो, काही उपयोग नाही. तूच बघ.

गणराज


सांगवी, २२ जुलै

चि. गणराजास आशीर्वाद, वि. वि. तुझा बाप आला. आल्या आल्या ती बॅग बरोबर दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधे उभी केली. तनुजा म्हणाली, काका, ती वाट मोकळी ठेवायची असते. माझा रवी म्हणाला, मला माझ्या घरात शिकवू नकोस. मग हात धुवायला मोरीकडं निघाला आणि त्याच बॅगेला अडखळून गुडघ्यावर पडला. मी हसले न्हाई. तोंडाला पदर लावला, एवढंच.

गुडघ्याला हळद लावता लावता तो म्हणाला, आई, तू इथं एकटी करतेस तरी काय? मी म्हटलं, चटणी. सहा जणींच्या डब्यात जाते. मी नागपूरला गेले तर त्यांनी काय तुझ्या पंख्याचं वारं खायचं? आणि तुझ्या सातव्या मजल्यावर माझी गोळी चुकली तर कुणाला कळणार? तू ऑफिसात, सून शाळेत. इथं रिकामा चौकोन बोलतो, आणि तो ऐकणारी एक तोंडाळ पोरगी हाय. चूक तिची न्हाई, माझी. डबी मी लपवली.

रवी हात धुऊन ताटावर बसला. मग चटणीशी दोन भाकरी खाल्ल्या आणि दिवाळीला बघू म्हणत संध्याकाळच्या गाडीनं गेला. दिवाळीला काय बघायचं ते बघू. बॅग मात्र रागात इथंच टाकून गेला.

पोरीनं विचारलं, हिला कुठं जागा करू? मी म्हटलं, हिच्याभोवती पट्टी मारायची न्हाई, या घरात हिला जागा न्हाई. तिच्याकडनं एक लाल चिठ्ठी मागून घेतली आणि माझ्या हातानं लिहून बॅगेला बांधली: वापर न्हाई. तीस दिवसांत न्यावी.

ती बॅग तूच येऊन ने. पोरीची पुढच्या महिन्यात सकाळची पाळी हाय, तेव्हा दुपारी ये, आमी दोघी घरी असतो. आजीवर लोभ हाय म्हणतोस, तो वापरात ठेव, न्हाईतर त्यालाही चिठ्ठी बांधीन.

तुझी आजी,
सावित्रीबाई