नववा टोप

प्रिय फिंटन,

या वर्षी माझ्या हातून काय काय झालं ते आधी सांगतो. ओटच्या काडाचे आठ टोप नवे, एक जुना दुरुस्त. कमरेला बांधायचे काडाचे आठ घागरे. शाळेतल्या मुलांना घेऊन विणलेले संत ब्रिजिडचे एकतीस क्रूस. त्यांतले चार उसवून पुन्हा करायला लावले. काड मी अजून विळ्यानेच कापतो. यंत्रातून आलेलं चेचलेलं असतं, त्याचा टोप खांद्यापर्यंत ताठ उतरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकलेलं जाळत गेलो आणि शिकलो.

ऑगस्टमधल्या उत्सवात तू हवा होतास. पाऊस होताच, पण हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लॉरीवाला पॅकी दिवसभर पोरांना नाचाची पावलं शिकवत होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ब्रायडीने गायला तोंड उघडलं आणि बारमधले पेले वाजायचे थांबले. त्याआधी तिने मला चारचौघांत सुनावलं होतं, की मॅलकी, एवढं विणतोस तर मधमाश्यांना राहायला एखादी काडाची टोपली वीण, निदान मध तरी मिळेल. या लोकांचं मला फार कौतुक वाटतं, फिंटन. कुणी सांगत नाही, कुणी पैसे देत नाही, तरी दर वर्षी सगळे आपापलं घेऊन येतात.

शेवटी आपले काडवाले आले, लग्नात नाचतात तसेच काड पांघरून. टोपाआड तोंड झाकलेलं, एक शब्द नाही. नाचले, गेले. बाप समोरून गेला तरी पोरांनी ओळखला नाही. मी तेवढा गाठींवरून ओळखतो.

आठच होते. आठांत नाचाचा घेर पुरा होतो. नववा म्होरक्या, लग्नात नवरीला नाचायला नेणारा. तुझ्यानंतर नववा उभा केला नाही. कुणी विचारलं तर काड पुरलं नाही म्हणतो. तुझ्यासारखा नाचणारा मी पुन्हा पाहिला नाही. डोक्यावर अडीच फूट काड, आणि त्यातली एक काडी हलायची नाही.

ग्रानियाच्या लग्नातही हलली नव्हती, तू स्वतःच्या हाताने टोप उचलेपर्यंत. तुमचं दोघांचं काय होतं ते गावाला ठाऊक होतं. पण काडवाल्याने तोंड दाखवलं की नवरा-नवरीचं नशीब फुटतं, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावर सगळ्यांदेखत मी टोप तुझ्या हातून ओढून घेतला आणि म्हणालो, "माझ्या काडाला पुन्हा हात लावू नकोस." नवव्या दिवशी तू बॉस्टनला गेलास. बावीस वर्षं झाली.

नशीब काही फुटलं नाही. तीन मुलं, मेंढरं, घर, सगळं धड आहे. मागच्या मंगळवारी ग्रानिया माझ्या शेडमध्ये आली. खुंटीवरचा तुझा टोप बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्याने टोप उचलला तेव्हा मी रागावले नव्हते, मॅलकी. रागावला होतास तो तू." हातातली वेणी चुकली, ती उसवली.

तिच्या थोरलीचं, नेसाचं, लग्न अठ्ठावीस डिसेंबरला आहे, त्याच हॉलमध्ये. काडवाले लग्नाला बोलावल्यावाचून जातात, तेव्हा या पत्राला बोलावणं समजू नकोस. दाराला कडी नसेल, एवढंच. तुझा टोप मी दर हिवाळ्यात दुरुस्त केला. उंदरांनी खाल्लेलं, कुजलेलं काढून नवं भरलं. तुझ्या डोक्याच्या मापाचं आतलं कडं मात्र तेच आहे. उत्सवाच्या वेळी डब्लिनचा एक संग्राहक माझ्या शेडवर आला होता. बाकीच्या आठांकडे त्याने पाहिलंही नाही, काचेच्या कपाटासाठी त्याला तुझाच हवा होता. कड्याखेरीज त्यात जुनं काही नाही, हे मी त्याला खरंखरं सांगितलं. तरी तो हटेना. मी म्हटलं, हे माप ज्याचं आहे तो अजून नाचतो, विकायचा नाही. त्या एका टोपाचे तो चार हजार युरो देत होता.

तुझाच,
मॅलकी