दाराशी येईल त्याचे ताट

मी विबर्ट, बर्गंडीतील व्हालक्लेर मठाचा मठाधिपती, वय सेहेचाळीस, छातीने थकलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. भिक्षूच्या मालकीचे काहीच नसते. मग मृत्युपत्र कशाचे, या प्रश्नाने लेखणी पुन्हा पुन्हा खाली ठेवावी लागली.

१. लेखणी, चाकू, मेंढीच्या कातड्याचे पांघरूण, सगळे मठाचेच. पांघरूण तेवढे दारवान तेसेलँला द्यावे. दाराच्या फटीतला वारा तोच खातो.

२. शेजारच्या मठाने आमच्या पाणचक्कीचे पाणी वळवले. त्यांना मी क्षमा केली आहे. पाणी मात्र मागत राहावे.

३. आता ज्यासाठी बसलो ते. बंधू रेनो वसंतात पळतो, थंडीत परततो. पळालेल्याला तीनदाच आत घ्यावे, असा नियम. रेनोच्या तिन्ही वेळा संपल्या, आणि यंदाही तो गेला. मागे मी कारण विचारले, तर म्हणाला, "बाबा, आत असलो की मेंढरांच्या घंटा ऐकू येतात, बाहेर गेलो की आपल्या मठाची." मी रागवायला हवे होते. त्या घंटा मलाही ऐकू येतात. हे लिहावे की नाही, ठरत नाही.

माझ्यामागे उपाधिपती हंबर्टच गादीवर येतील. रेनोला तिसऱ्यांदा आत घेतले तेव्हाच ते म्हणाले होते, "बाबा, हा मठ आहे की धर्मशाळा?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. नियम मोडा, असे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण बाहेर बर्फ पडू लागला आहे.

४. आपल्याकडे बंधू वारला की महिनाभर त्याचे ताट मांडून गरिबाला देतात. कोणाला, ते दारवान ठरवतो. नाव-गाव विचारत नाहीत. माझेही द्यावे. फक्त ते बाहेर नेऊ नये. त्या माणसाला आत, माझ्या जागेवर बसवावे, महिनाभर त्यालाच.

५. पुढे काय, ते मी लिहीत नाही. शेजारी बसून जेवलेल्याला घालवायचेच झाले, तर हंबर्ट यांनी दाराचा अडसर स्वतःच्या हाताने काढावा.

हंबर्ट यांनी हे वाचले. मग म्हणाले, "तुमच्या बाकाचा पाय डुगडुगतो, बाबा. रेनो येण्याआधी तो नीट करून घेतो." आणि सही केली.

साक्षीदार: हंबर्ट, उपाधिपती.
तेसेलँ, दारवान; अक्षरओळख नाही, म्हणून क्रूस काढला.

विबर्ट
व्हालक्लेर, संत निकोलसच्या सणाचा आदला दिवस, इ. स. ११४७